सर, तुमच्या कानाचं मी सांगितलं

सर, मी तुमचं ऐकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या कपाळावर जी आठी पडायची ती आत्ताच पडू दे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. पण गेल्या वर्षभरात मी जे केलं ते पाहून तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी मला एकच विचारलं, सर असते तर त्यांना हे आवडलं असतं का. नसतं आवडलं. मी प्रत्येकाला तसंच सांगितलं आणि पुढे गेले. पण तेच उत्तर तुमच्या तोंडावर द्यायचं राहून गेलं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये एकटी बसून हे लिहिते आहे. बाहेर मुली चुन्याच्या फक्कीने रेषा आखताहेत आणि नेहमीसारख्या वाकड्या आखताहेत.

घडलं ते असं. चौदा वर्षांखालच्या मुलींचा कबड्डीचा अंतिम सामना होता. गावाचं नाव घेत नाही, कारण ते कुठलंही गाव असू शकलं असतं. दुपारचे साडेतीन, लाल मातीचं मैदान, एका बाजूला चिऱ्यांचा बुटका बांध, गडगा, दुसऱ्या बाजूला मंडप. मी मुख्य पंच. माझ्या हाताखाली बाजूच्या रेषांवर दोन पंच. त्यातला एक जुना, तुमच्या दोस्तीतला. दुसरी बावीस वर्षांची मुलगी, त्याच उन्हाळ्यात पंच परीक्षा पास झालेली. किनाऱ्यावरच्या बंदरातली, वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. ओढणी डोक्याला घट्ट बांधून त्यावर टोपी घालायची आणि सामन्याच्या आधी मैदानाला एक पूर्ण फेरी मारून प्रत्येक रेषा पायाने तपासायची. तिचा आवाज बारीक आहे सर, पण नजर तुमच्यासारखी आहे. मीच तिला शिकवलं. मीच तिला त्या दिवशी त्या रेषेवर उभं केलं.

एका संघाच्या कर्णधाराचे वडील पुढच्या खुर्चीवर बसले होते. मोठा माणूस. स्पर्धेचा मंडप त्याचा, चषक त्याचे, मुलींचं जेवणही त्याच्याकडूनच. शेवटची चढाई त्याच्या मुलीची होती, एका गुणाने मागे असताना. सुंदर चढाई केली पोरीने. दोघींना शिवून ती कडेने वळली, आणि वळताना तिची टाच रेषेच्या बाहेर पडली. मला माझ्या जागेवरून दिसली नाही. पण रेषेवरच्या आमच्या पोरीला दिसली. तिने शिट्टी मारली, हात वर केला, चढाई बाद.

तो माणूस खुर्चीवरून उठून सरळ मैदानात आला. कोणी अडवलं नाही. अडवणारे सगळे त्याच्याच मंडपात बसले होते. 'तुका दिसता काय गो?' असं म्हणत तो तिच्या अंगावर गेला. मग आयोजकांकडे वळून म्हणाला, 'खंयसून आणलात हिका?' आणि परत वळून तिच्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी धरून अशी खेचली की ती गुडघ्यांवर पडली. दोरी नायलॉनची, तुटली नाही. तिच्या मानेवर लाल वळ उठला आणि तोंडाला फक्की लागली. ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही, कारण तिच्यात भीतीपेक्षा प्रश्न होता. आता पुढे काय करायचं असतं, असा. जणू तेही परीक्षेच्या तयारीत शिकवलं असणार आणि आपण तेवढा धडा विसरलो.

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. तो एवढा उंच की मला मान वर करावी लागली. मी त्याच्याशी मालवणीत बोलले नाही. कचेरीत बोलतो तशा मराठीत सांगितलं, 'सामना थांबला आहे. तुम्ही मैदानाबाहेर गेल्याशिवाय तो सुरू होणार नाही.' तो हसला. आयोजक धावत आले, बाई मिटवा, बाई मुलींचा विचार करा, बाई ह्येच्या घरचा जेवण जेवलो आपण. मी घड्याळ काढून हातात धरलं आणि तिथेच उभी राहिले. तो गेला नाही. चाळीस मिनिटं आम्ही सगळे तसेच उभे होतो आणि दोन्ही संघांच्या मुली मातीत बसून राहिल्या होत्या. शेवटी मी गुणपत्रक मागवलं, त्यावर लिहिलं, पंचावर हल्ला झाल्यामुळे सामना रद्द. सही केली. आमच्या पंच मुलीच्या खांद्याला धरून पुढच्या दाराने, पालकांच्या घोळक्यामधून बाहेर पडले. मागून काय काय ऐकू आलं ते इथे लिहीत नाही. तुम्ही त्यातलं बरंचसं स्वतः ऐकलेलं आहे.

तुमच्या वेळी तुम्ही मागच्या बाजूने गेला होता, सर. काजूच्या बागेतून. मी तेरा वर्षांची होते. तेव्हा पंच मिळायचे नाहीत, म्हणून दोन्ही संघांनी मान्य केलं आणि आमच्याच शाळेच्या सामन्याला तुम्ही उभे राहिलात. दोन मिनिटं उरली असताना तुम्ही मला बाद दिलंत. आमच्याच गावचा एक बाप्या मैदानात आला आणि त्याने तुमच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. तुम्ही खाली वाकता, चष्मा हाताने चाचपून शोधता, सदऱ्याच्या टोकाने पुसता, डोळ्यांवर चढवता आणि शिट्टी मारून उरलेली दोन मिनिटं पुरी करता. आम्ही हरलो. लोक अजून ती गोष्ट सांगतात. पण कोणी हे सांगत नाही की माझा पाय खरंच बाहेर पडला होता. मला तळव्याखाली फक्कीचा थर लागला होता. मी तिथे उभी राहून एवढंच म्हणायचं होतं, सर बरोबर आहेत, मी बाद आहे. मी काही बोलले नाही. तुम्हाला मारलं त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं तेही सांगते. बरं झालं, असं आलं. एक क्षणभरच. पण आलं.

त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी आले होते. आईने बरणीत कोकमाचं आगळ दिलं होतं, ते निमित्त. काकी चुलीपाशी बसल्या होत्या, तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधत होत्या आणि तुम्ही पाटावर बसून डाव्या गालाला ते लावून घेत होता. मला पाहून काकींनी तोंड फिरवलं. मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, 'रडतस कित्याक? मार माका बसलो, तुका नाय.' मी म्हटलं, तुम्ही पोलिसात का नाही गेलात. तेव्हा तुम्ही चिडलात. गरम मिठाची पुरचुंडी बाजूला ठेवून तुम्ही मला म्हणालात, 'पंचान गिळूचा आसता. तोंड उघडल्यान की तो पंच रवना नाय.' काकी हे ऐकत होत्या. त्यांच्या हातातला चिमटा जोरात खाली पडला. तो पडला की त्यांनी टाकला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

पुढे मी शिक्षिका झाले, पंच परीक्षा दिली, पास झाले. तुम्ही कट्टा गावच्या एसटी स्टँडवर मला भेटायला आलात आणि पिशवीतून पांढरे कॅनव्हासचे बूट काढून दिलेत. एक नंबर मोठे होते. आम्ही चहा घ्यायला बसलो तर तुम्ही मला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलंत, उजव्या. मी कारण विचारलं. तुम्ही हसत सांगितलंत, जसं कोणी दाढ पडल्याचं सांगतं तसं, की डावा कान त्या दिवसापासूनच बंद आहे. डॉक्टरला दाखवलं, पडदा गेला म्हणाला. शाळेत सांगितलं नाही. शिट्टी ऐकू येते, तेवढं पुरे. आणि मग, कोणाला सांगू नकोस. मी मान डोलावली.

आणि मी अठरा वर्षं गिळलं, सर. तुमच्या बुटांत कापूस कोंबून गिळलं. बाई पंच कशाला ठेवली म्हणून बाप ओरडले, गिळलं. एकदा एका आईने, हो आईने, माझ्या पाठीवर पाण्याची बाटली फेकून मारली. ओल्या सदऱ्याने पुढचा सामना घेतला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, घाम आहे. माझ्याबरोबर परीक्षा पास झालेले आम्ही नऊ जण होतो. आज शिट्टी घेऊन उभी राहते ती मी एकटी. बाकीच्यांना कंटाळा आला असं आपण म्हणायचो. त्यांना कंटाळा आला नव्हता. त्यांना घरी जाऊन घाम आहे असं सांगायचा कंटाळा आला होता.

त्या दिवशी मैदानातून निघून आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथला हवालदार चांगला माणूस होता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला की खेळातली भांडणं खेळात मिटवावीत. मी पोरीला ओढणी सरकवून मान दाखवायला सांगितलं. तो वळ बघून त्याने कागद पुढे ओढला. तक्रार लिहून होईपर्यंत तिचे वडील आले. हातांना अजून ग्रीस. मला वाटलं आता हा मला बोलणार, माझ्या पोरीला कुठे नेऊन उभं केलंत म्हणून. ते बाकावर बसले, सगळं ऐकलं आणि मुलीला विचारलं, टाच बाहेर होती? ती म्हणाली, होती. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'मॅडम, ही घराक बसली तर त्येका बरा वाटतला. तां माका नको.'

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. तक्रार मागे घ्या म्हणून मुख्याध्यापक, आयोजक, माझे चुलत दीर. दोन्ही संघांना पुढच्या पातळीवर जाता आलं नाही, त्याचा दोष माझ्यावर. मी तेवढ्यावर थांबले नाही. एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या. मैदानापासून दहा फुटांवर दोरी आणि पालक दोरीच्या मागे. प्रत्येक संघाचा एक माणूस आपल्या प्रेक्षकांना जबाबदार. पंचाला शिवी दिली तर सामना थांबणार, हात उगारला तर संपणार. आणि सामन्यानंतर आयोजकांनी पंचांना रस्त्यापर्यंत पोचवायचं. हे सगळं मान्य होईपर्यंत तालुक्यात कोणी शिट्टी मारायची नाही. एवढं लिहून मी सगळ्या पंचांना कुडाळला बोलावलं, आठवडा बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी सगळ्यांना काही ना काही काम असतंच.

चौदा जण आले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसलो. माझा कागद फिरला. मग तुमचे ते मित्र उठले, त्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या रेषेवर होते तेच. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. ते मनापासून बोलत होते. म्हणाले, पंचाने अशा अटी घातल्या तर खेळ संपेल. म्हणाले, लोक तापतात, निवतात. आणि मग माझ्याकडे बघून, 'तुमच्याच सरांनी थोबाडीत खाल्ली, चष्मा उचलला आणि सामना पुरा केला. असे पंच होते आपल्याकडे.' खोलीतले सगळे मान हलवू लागले. तरुण पोरंसुद्धा, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही. आमची ती मुलगी कोपऱ्यात बसली होती. तिनेही मान खाली घातली. मानेवरचा वळ तोवर पिवळा पडला होता.

मला दिसलं, सर, की तुमची गोष्ट तिला गप्प बसवते आहे. तुम्ही तिला कधी भेटला नाहीत, तिच्या वडिलांचं इंजिनांचं दुकान तुम्हाला माहीत नाही, पण त्या खोलीत तुम्ही तिच्या तोंडावर हात ठेवला होता. आणि तो हात काढायचा एकच मार्ग माझ्याकडे होता. मी उभी राहिले. म्हटलं, 'त्या थोबाडीनंतर सरांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मरेपर्यंत.' मी सगळं सांगितलं. पडदा फाटल्याचं, शाळेत लपवल्याचं, तुम्ही मुलांना नेहमी उजवीकडे उभं करायचात ते शिस्त म्हणून नव्हे. आणि हेही सांगितलं की त्या दिवशी बाद झालेली मुलगी मी होते, माझा पाय बाहेर होता, आणि मी गप्प राहिले.

तुमच्या मित्रांनी माझा कागद पुन्हा हातात घेतला. सभेत ते नेहमी छापील मराठी बोलतात. मग हळूच म्हणाले, 'माका त्येणी कधी सांगूक नाय.' पुन्हा तेच म्हणाले. चाळीस वर्षांची दोस्ती होती तुमची. त्यांनी पेन मागितलं आणि पहिली सही त्यांची झाली. चौदापैकी अकरा सह्या झाल्या. तिघे सही न करता खाली उतरले, त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या घरी काय आहे ते मला माहीत नाही.

तुमचं गुपित फोडलं म्हणून मी माफी मागत नाही. हे मी विचार करून लिहिते आहे. तुम्ही मला बरंच दिलंत, पण ते गुपित म्हणजे देणगी नव्हती. ते ओझं होतं आणि तुम्ही ते तेवीस वर्षांच्या मुलीला चहाच्या टपरीवर उचलायला लावलंत. गिळल्याने तुम्ही मोठे पंच झालात असं नाही. तुम्ही मोठे पंच होताच, कारण स्वतःच्या विद्यार्थिनीला तुम्ही बाद दिलंत. गिळल्याने फक्त तुमचा कान गेला आणि त्या बाप्याला कळलं की मारलं तर चालतं. आणि ते मैदानाच्या कडेला बसलेल्या आम्हा सगळ्या मुलांनाही कळलं. आम्हीच मोठे होऊन आज पालक झालो आहोत ना.

सभेनंतर मी काकींकडे गेले. त्यांना बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून. त्या आता वाकून चालतात, पण घर स्वतःच करतात. सुकी सुंगटं निवडत, एकेका कोळंबीचं डोकं मोडत बसल्या होत्या. मी सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, 'बरा केलंस. मिया इतकी वर्सा तोंडार हात ठेवन रवलंय. लाज त्येंका वाटी, माका नाय.' मग मला जेवूनच जा म्हणाल्या. ओलं खोबरं घातलेली सुंगटांची किसमूर, सोलकढी, भात. जेवताना त्या तुमच्याबद्दल काहीतरी सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी शेजारच्या गाईबद्दल सांगितलं.

सगळं नीट झालं असं समजू नका. त्या मोसमात दोन स्पर्धा झाल्याच नाहीत, कारण आमच्या अटी मान्य नव्हत्या आणि आम्ही हललो नाही. माझ्या शाळेतली एक मुलगी होती, उत्तम पकड करायची, वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. तिचं ते वर्ष मी घालवलं. ती मला वर्गात प्रश्नाचं उत्तर देते, पण माझ्याकडे बघत नाही, आणि तिचं बरोबर आहे. पावसाळ्यानंतर आयोजकांनी कागद मान्य केला, कुरकुरत, एकेक करत. त्या मोठ्या माणसाने माफी मागितली नाही. निरोप पाठवला होता की घरी येतो, बसून बोलू. मी उलट निरोप दिला की जिथे घडलं तिथे, त्याच मैदानावर, त्याच मुलींसमोर, आणि माफी माझी नव्हे, तिची. तो आला नाही. तक्रारीची तारीख अजून पडायची आहे. पण परवाच्या सामन्याला तो आला होता आणि दोरीच्या मागे बसला. एकदा उठला. त्याच्या बाजूच्या जबाबदार माणसाने हात दाखवला, तर परत बसला. त्याची मुलगी आता खालच्या गटात नाही, मोठी झाली. खेळताना ती बापाकडे बघत नाही, रेषेकडे बघते.

आमची पंच त्या सामन्यालाही होती. मैदानाला फेरी मारून तिने रेषा तपासल्या. वडील दोरीच्या बाहेर, इंजिनचा एक सुटा भाग मांडीवर घेऊन पुसत बसलेले. पहिल्याच पाच मिनिटांत तिने एक अवघड निर्णय दिला. प्रेक्षकांतून आवाज आला. मी शिट्टीकडे हात नेला, पण आवाज आपोआप विरला. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, हात अजून सरळ वर जायला हवा. जायला हवाच. सांगेन तिला.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, काकींनाही वाचायला देणार नाही. वाचलं तर त्या विचारतील, भय वाटता काय गो, आणि मला खरं सांगावं लागेल. सगळ्यांसमोर मी ताठ असते, सर. परवाही होते. पण आजकाल कुठल्याही मैदानावर गेले की मी स्कूटर तोंड रस्त्याकडे करून लावते आणि सामना संपेपर्यंत चावी मुठीत ठेवते. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.